रकाना नऊ

कळमन्याच्या पुढे, जिथं ऑटोवाला नाही म्हणतो,
तिथून चालत. खांद्याला स्लाइडांची पेटी, कापूस, सुया.
टिनाच्या एकशेचाळीस खोल्या, एका रांगेत अठ्ठावीस.
नदीकाठ रुंद करायचा होता,
म्हणून तीन महिन्यांसाठी आणलेली माणसं.

मुलाचं वय? सव्वातीन.
पाणी किती अंतरावर साचतं?
फुलवंता उईके खाली बघते.
आम्ही दोघी त्यातच उभ्या.
मी लिहिते, पाच मीटरच्या आत.
त्याहून कमी लिहायला चौकट नाही.

मच्छरदाणी?
हाव बाई, भेटली ना. एक.
झोपणारी सहा जणं. चैती कडेला,
लहान आहे, तिला जागा कमी लागते.
रात्रभर तिचा पाय जाळीला टेकलेला.

दाराबाहेर कूलर. वीज कापल्यापासून नुसती टाकी.
मी बॅटरी मारते:
अळ्या पाण्याला समांतर, आडव्या,
ट्रेनिंगमध्ये दाखवल्या होत्या अगदी तशा.
क्षणभर आनंद होतो, ओळखल्याचा.
मग लाज.

ओतून का नाही देत?
टँकर चार दिसानं येते जी,
भांडे कायनं घासू?

मोठी माणसं हात मागे घेतात.
चैती न सांगता डाव्या हाताची अनामिका पुढे करते,
आधी फ्रॉकला पुसून.
या वर्षातली तिसरी वेळ.
रडत नाही. सुईकडे बघते,
ओळखीचं कुणी घरी आल्यासारखी.
मला ती रडायला हवी होती.

रकाना नऊ: या पत्त्यावर किती काळ?
'कोनाचा?' फुलवंता विचारते. 'माहा का हिचा?
तीन महिने म्हनले होते,
तवा ही पोटात होती.'
पलीकडच्या खोलीतून कुणीतरी हसतं,
मग खोकतं, बराच वेळ.

घरी, मानेवाड्याला, खिडकीला जाळी आहे.
तरी एक डास आत. कानाशी गुणगुणतो.
मी उठते, दिवा लावते,
पडद्यामागे, कपाटावर, देव्हाऱ्यात शोधते,
एका डासासाठी अख्खी रात्र विस्कटू शकते मी,
एवढी माझी रात्र आहे.

रकाना नऊ मी कोरा ठेवला होता.
साहेब म्हणाले, भरा काहीतरी, कॉम्प्युटर घेत नाही.
मी लिहिलं, तात्पुरते.
पेन्सिलीनं.