अर्थ

वेंगुर्ल्याच्या बंदररस्त्यावर, बर्फाच्या फॅक्टरीला लागून
माझी टपरी : डायनामो, सेल्फ, वायरिंग, हॉर्न.
बोर्डावरचा 'हॉर्न' खाऱ्या वाऱ्याने खाल्ला, 'हॉ' उरलाय.
लोक तेवढ्यावर येतात.

कैतान मास्तर आले. म्हणजे
त्यांची जुनी एस्टीम ढकलत आणली बर्फवाल्या पोरांनी,
मास्तर आत, स्टिअरिंगवर, टाय लावून.
"दर रविवारी मिसाक जावच्या टायमाक मरता ही.
आणि जिती असता तेव्हा टेप लावलो
की मागसून कोण तरी रडता.
पाय दाबलो की जास्तच रडता, मुणनकर."

दोन दुखणी. मी सोपं आधी धरतो.

रडणं म्हणजे अर्थ.
आमच्या धंद्यात मायनसला अर्थ म्हणतात,
पत्र्याला कसलेली काळी वायर,
जिच्यातून गेलेला करंट घरी परततो.
अर्थ नीट लागला नाही
की तो दुसऱ्यांच्या परसातून वाट काढतो,
अल्टरनेटरचं सगळं पुटपुटणं
स्पीकरात आणून सांडतो.
किनाऱ्याला कुणाचाच अर्थ फार टिकत नाही.
पाच वर्षांत तांबं हिरवं, सात वर्षांत पीठ.

टेप उपसला. मागे कुणीतरी
रंगावरच स्क्रू मारून ठेवलेला.
रंग खरवडला, पत्रा चकाकेपर्यंत,
नवी वायर, नवा वॉशर, वर ग्रीसचं बोट.
मास्तर वाकून बघत होते,
पूर्वी पाटीवर बघायचे तसे.

मग दुसरं.
बॅटरीची मायनस सोडली, मध्ये मीटर घातला,
दारं लावली, चावी माझ्या खिशात.
गाडी झोपली. मीटर झोपेना.
पॉइंट चार.
एवढंसं. पण सोमवार ते शनिवार
कुणी न बघता वाहिलं तर बॅटरी रिकामी करायला पुरे.

एकेक फ्यूज उपटत गेलो.
हॉर्नचा, पॉइंट चार. वायपरचा, पॉइंट चार.
टेपचा काढताना मास्तरांनी श्वास धरला, पॉइंट चार.
बाहेर जेट्टीकडे बांगड्याचा लिलाव तापलेला,
टपरीवर मांजर, मांजरावर माशी.
आतल्या दिव्यांचा फ्यूज काढला आणि
शून्य.

पण आत दिवा कुठे होता? सगळा काळोख.
फ्यूज परत बसवला, मोबाइलवर व्हिडिओ चालू केला,
डॅशबोर्डच्या खणात ठेवला, खण लावला,
दहापर्यंत आकडे मोजले.

व्हिडिओत : झाकण बंद होतं,
आणि दिवा तसाच.
पिवळा उजेड, खाली आरसी बुक, एक रोझरी,
विम्याच्या जुन्या पावत्या, तीन कॅसेटी,
आणि एका मुंगीची बऱ्यापैकी मोठी सावली.
झाकण दाबणारी प्लास्टिकची जीभ तुटली होती.
किती वर्षं, देव जाणे.

बल्ब काढला.
"मगे रातीचे कागद खय दिसतले?" मास्तर म्हणाले.
रात्री कुठे जाता, मी विचारलं नाही.

जंपर लावून गाडी चालू केली. "आता टेप बघ."
गाणं असेल म्हणून मी वाट बघत राहिलो.
आधी खरखर, मग बाकाचा आवाज, मग चाळीस पोरं एकदम :
एकोणीस चोक शहात्तर,
एकोणीस पाचे पंच्याण्णव.
"ब्याण्णव सालचा. साहेब तपासूक येवचे होते
म्हणान भरून ठेवलंय."
मी पाय दाबला, चार हजारांपर्यंत.
कुणी रडलं नाही.

आणि तेव्हा ऐकू आलं,
सगळी थांबल्यावर अर्ध्या श्वासाने
मागून येणारं एकट्याचं
"...ण्णव."
पुढच्या ओळीलाही तेच, मागून, घाईत,
दुसऱ्याचं ऐकून बोलणाऱ्याचं.

मास्तरांनी आवाज थोडा वाढवला.
माझ्याकडे बघितलं नाही.
"दोनशे झाले," मी म्हणालो.
त्यांनी शंभराच्या तीन नोटा दिल्या,
सुट्टे मोजताना मी दोनदा चुकलो.

गाडी चढाव चढून वळणाआड गेली.
सक, साते, तिथवर ऐकू येत होतं.
बल्ब शर्टाच्या खिशात राहिला होता,
अजून कोमट.