एक आण्याचा हात

स्वातंत्र्याला दोन वर्षं झाली तरी
आमच्या ब्रँच पोस्टाच्या टिनाच्या डब्यात
राजाचं मुंडकं खपतच होतं.
झेंड्याचं तिकीट साडेतीन आण्यांचं, परदेशी टपालाचं.
पैनगंगेच्या या काठावरून
परदेशात लिहिणार कोण?
बाबांनी स्वतःच्या पैशानं एकच मागवलं
आणि हिशेबाच्या वहीत दाबून ठेवलं
पिंपळपानासारखं.

मग एकोणपन्नास साली, पोळ्याच्या आदल्या दिवशी
मसराम हरकाऱ्याच्या थैलीतून नवी तिकिटं आली.
अजिंठ्याचा हत्ती तीन पैचा,
कोणार्कचा घोडा सहा पैचा.
"घोड्याहून हत्ती सस्ता? काऊन बाप्पा?"
मसराम ओट्यावर बसून हसत राहिला.
आणि एक आण्याला
मोरपंखी शाईतला बोधिसत्त्व, हात पुढे केलेला.

उकंडराव छिपा लेकीला पत्र टाकायला आले होते.
नखांत हिरड्याचा काळा रंग.
तिकीट उजेडाकडे धरलं,
पाठीमागून पाहिलं,
पुन्हा पुढून.
"मास्तर, हा उलटा हाय."
"सरळ तर उभा आहे."
"उभा हाय. पन डाव्या हातानं
कोनी देते काय?"

बाबा म्हणाले, नाशिकचा सरकारी छापखाना आहे तो.
सूर्य पूर्वेला उगवतो, त्या आवाजात.

उकंडराव उठले, घरी गेले,
सागाचा ठसा घेऊन आले.
कोयरी, देठ डावीकडे.
पोस्टाच्या शाईच्या गादीवर टेकवून
रद्दी फॉर्मवर दाबला.
देठ उजवीकडे.
"खोदनारा सुलटं पाहून सुलटंच खोदते,
तं असं होते.
माया हातून बी झालं होतं पोरपनी.
बापानं ठसा चुलीत घातला."

त्या रात्री बाबांनी कंदिलाखाली
नाशिकला पत्र लिहिलं,
विनंतीपूर्वक, साहेबांचे सेवेशी.
खाली सही उकंडरावांची.
त्यांना अक्षरं आलेली ठशातूनच,
कापडाच्या थानांवर व्यापाऱ्यांची नावं
छापायचे ठसे खोदून खोदून.
म्हणून नाव लिहिलं तेही
उजवीकडून डावीकडे,
आरशातल्यासारखं, कानामात्रेसकट बिनचूक.
बाबांनी दुरुस्तीला टाक उचलला,
आणि ठेवला.

पाकिटावर तेच तिकीट लावलं.
तारखेचा शिक्का मारताना बाबांनी
फक्त कोपरा काळा केला.
हात कोरा ठेवला.

उत्तर आलं नाही.
पुढच्या वर्षी आषाढात
नवी तिकिटं आली, एक आण्याचीच.
हात उजवा.
चावडीनं ठरवून टाकलं, हे आपल्या छिप्याचं काम.
कुणी गूळ वाटला.
बाबा म्हणाले, एवढ्या मोठ्या देशात
आणखीही डोळे असतील.
"असतीनच," उकंडराव म्हणाले,
आणि लेकीच्या पाकिटासाठी आणा पुढे केला,
तोही उजव्या हातानं.

दोन्ही तिकिटं आता माझ्याकडे आहेत.
शेजारी ठेवली तर एकमेकांकडे
काही मागत असल्यासारखी दिसतात.
मी त्यांच्याकडे फार पाहत नाही.
मला तो माणूस आठवत राहतो,
मी कधीच न पाहिलेला,
नाशिकात ज्यानं ते पाकीट फोडलं.
सहीपाशी येऊन
त्यानं कागद पाठमोरा
उजेडाकडे धरला असेल का?