रोजकीर्द

वडाळ्याच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर
बारा महिने एकोणीस अंशांची थंडी.
मी शाल घेऊन बसते, मे महिन्यातही.
वॉचमन साटम विचारतो, मॅडम, आत एवढं काम कोण करतं?
कोणीच नाही, म्हणते. आणि यादी उघडते.

एकजण फक्त रोजकीर्द लिहितो.
खतावणीत आकडा पोचायच्या आधी
याच्याकडे नोंद हवी,
नाहीतर व्यवहार झालाच नाही.
दुसरा दर पाच मिनिटांनी उठतो,
मेमरीत साठलेलं डिस्कवर उतरवतो,
इथपर्यंत झालं, अशी खूण करून पुन्हा बसतो.
कुणाचा फोन मध्येच मेला,
पैसे इकडून निघाले, तिकडे पोचले नाहीत,
तर त्यांना उलट पावली घरी आणणारा आणखी एक.
पगारपत्रकात यांची नावं नाहीत.

आणि एक झाडूवाला.
तो आज अडलाय.

माझगाव शाखा, काउंटर चार, परुळेकर.
गुरुवारी दुपारी काहीतरी शोधायला घेतलं
आणि तसंच उघडं टाकून कणकवलीला गेले,
पुतणीचं लग्न.
त्या खिडकीत अजून गुरुवार आहे.

ओळ खोडली तरी लगेच जात नाही.
ज्यानं आधीपासून पाहायला घेतलंय
त्याला ती दिसत राहायला हवी.
म्हणून झाडूवाला येतो, बघतो,
तिच्या कडेनं झाडून पुढे जातो.
शुक्रवारी बंद झालेली एकतीस खाती
परुळेकरांपुरती चालू आहेत.
त्यांत फिलोमिना परेरा, डॉकयार्ड रोड,
शिल्लक अकरा हजार तीनशे चाळीस.
शुक्रवारच्या अहवालात कारण: मयत.

मी बाईंना ओळखत नव्हते.
तरी बोट एंटरवर जरा रेंगाळलं.
मग सेशन मारलं.
आमच्यात मारलं असंच म्हणतात.
तीन बाराला झाडूवाला आत गेला.

लोकांना सांगून पटत नाही,
पण झाडलेली जागा डिस्कला परत मिळत नाही बहुधा.
तिथेच राहते, दार लोटून ठेवलेली,
पुढच्या कुणासाठी.
माझगावात खोलीही अशीच मिळते.

सोमवारी दहा वाजून चार मिनिटं.
इरफाना मुकादम, वय अठरा, पहिलं खातं, पाचशे रुपये.
आधी रोजकीर्दीत, मग खतावणीत,
कदाचित त्याच जागी.
नक्की कुठे, ते मी शोधलं नाही.

साडेअकराला परुळेकरांचा फोन:
माझी स्क्रीन कोणी बंद केली हो?
आणि लाडू आणलेत, शिपायाबरोबर पाठवतो.