सहा मणी

सोमवारी हॉलंडचा माणूस येणार
आणि माझ्या घशात अख्खा घड अडकलेला.
पिंपळगावच्या पॅकहाउसात, जेवणाच्या सुट्टीत,
सर्टिफिकेटवरचा तो शब्द
मी पुन्हा पुन्हा उचलते, पुन्हा पुन्हा सांडते.

यमुना गांगुर्डे डबा झाकत म्हणाली,
मॅडम, एवढा दाट घड पोसेल कसा?
विरळणी करा.
आणि तिनं हवेतच कात्री चालवली:
फाय. टो. सॅ. नि. ट. री.
सहा मणी. एकालाही ओरखडा नाही.

तरी तोंडात बसेना.
आपल्याकडे प्रत्येक अक्षराला सारखीच हजेरी.
तिकडे एकालाच मुकादम करतात,
बाकीचे मान खाली घालून भराभर उरकतात.
‘फाय’वर भार दिला, शब्द कलंडला.
‘टो’वर दिला, पोरी हसल्या.
‘सॅ’वर दिला
आणि क्रेट अलगद उचलला गेला.

रात्री डिक्शनरी उघडली.
फायटो म्हणजे झाड.
पुढच्या तुकड्यात कुठेतरी आरोग्य.
झाडाला बरं आहे,
एवढं सांगायला सहा माणसं लावलीत यांनी!

सोमवारी तो आला. मी शब्द सरळ म्हटला,
त्यानं नुसती सही केली.
मग टेबलाशी थांबून
यमुनेच्या छातीवरचा बिल्ला वाचू लागला:
गँग... गँगर...
घाम फुटला बिचाऱ्याला.

यमुनेनं कात्री खाली ठेवली.
सावकाश, ती मराठीतच म्हणाली,
गां. गुर्. डे.
आणि भार कुणावरच देऊ नका.