सगळीकडे एकच लिहा

साखळीच्या झेरॉक्सवाल्याकडे पंखा कुरकुरतोय
आणि टेबलावर शेजारी शेजारी पडलीत
माझ्या बाबांची तीन शिक्षणं.

शाळेत मला घातलं तेव्हाच्या अर्जात : दहावी.
बांबोळीच्या नोकरीच्या कागदावर : आठवी पास.
मामलेदाराच्या शिक्क्याखाली, उत्पन्नाच्या दाखल्यात : प्राथमिक.
लोकांचं शिक्षण वयाबरोबर चढतं,
पुंडलीक गांवस यांचं उतरत आलंय.

पर्वरीच्या खिडकीतली बाई चष्म्यावरून म्हणाली होती,
"खरं काय ते तुमचं तुम्ही बघा.
पण सगळीकडे एकच लिहा.
मेडिकलचा अर्ज आहे, मागाहून काढतात."

मी फोन लावला. बाबा ड्यूटीवर होते,
बार्ज बंद पडल्यापासून इस्पितळाच्या गेटवर असतात.
"प्राथमिक?" ते हसले. "त्या क्लार्काला जेवायला जायचं होतं.
आठवी खरी. तिचा दाखला आहे, पत्र्याच्या ट्रंकेत."
आणि दहावी?
"ती," ते जरा थांबले, "ती लग्नाच्या वेळची."

आजोबांचाही रकाना आहे त्या ट्रस्टच्या फॉर्मात.
ते सेगुंद ग्राव झालेले,
अख्ख्या वाड्याची पोर्तुगीज पत्रं वाचून दाखवायचे,
मग एका डिसेंबरात सरकार बदललं
आणि उरलेलं आयुष्य ते अंगठ्याशेजारी
उगाच सुबक सही करत राहिले.
सेगुंद ग्राव म्हणजे कितवी?
झेरॉक्सवाला म्हणतो, लिस्टीत नाही. "इतर" टाक.

आता आई.
यादीत बारावी आहे, त्याच्या खाली थेट पदवीधर.
मधे काहीच नाही, पायरी निखळल्यासारखं.
आई त्या मधल्या जागेत एक वर्ष राहिली होती,
कॉलेजात, मराठी घेऊन, दुसऱ्या बाकावर.
मे महिन्यात लग्न झालं.
ग्रंथालयाचं एक पुस्तक परत करायचं राहिलं,
ते अजून कपाटात आहे, साड्यांच्या घडीखाली,
परतीची तारीख जांभळ्या शाईत.

"बारावी लिही," माझ्या शेजारी बसून ती म्हणते.
"अर्धं वर्ष का पाऊण, ते काय शिक्षण?"
पण पुढच्या पानावर प्रश्न आहे :
कॉलेजची पायरी चढणाऱ्या घरातल्या तुम्ही पहिल्याच का?
हो म्हटलं तर दहा गुण.
आणि त्याच्या पुढच्या पानावर
दोनशे शब्दांत मी आधीच लिहून बसलेय,
की बांगडा साफ करताना आईनं मला कल्ले उघडून दाखवले,
मग हात धुऊन
कॉलेजातून आणलेलं ते पुस्तक वाचून दाखवलं.

दोन्ही ठेवता येणार नाही.
एक तर दहा गुण, नाहीतर ते पुस्तक.

मी "नाही" वर टिचकी मारते.
आई स्क्रीनकडे बघत राहते.
"येडी गो तू," म्हणते, आणि पर्स उघडून
प्रिंटचे पैसे दोनदा मोजते.

इतक्यात बाबांचा फोन. "काय लिहिलंस माझं?"
आठवी.
"बरय. जें आसा तें." मग हळूच,
"आईला कळलं?"
फोन स्पीकरवर आहे, बाबा.

आई पैसे मोजत होती, ती थांबली नाही.
"मला साखरपुड्याच्या आधीच कळलं होतं," ती म्हणाली,
"त्यांच्या मावशीनं सांगितलं.
म्हटलं, गणितात दोनदा नापास झालेला माणूस
निदान हिशेब तरी मागणार नाही."

पलीकडे काही ऐकू आलं नाही बराच वेळ.
मग कुणीतरी बाईनं विचारलं, एक्स-रे कुठे हो?
आणि बाबा सांगू लागले, फोन तसाच धरून :
सरळ जा, औषधांच्या खिडकीपर्यंत,
तिथून डावीकडे, दुसरा दरवाजा,
पाटी इंग्रजीत आहे, घाबरू नका,
मी वाचून दाखवतो, चला.