तिर्र्यांची जोडी

मेंढीकोटात तिर्रीला कुत्रं विचारत नसे.
बाबा म्हणायचे, फेक, लपवून काय करतेस,
आणि मी ती शेवटपर्यंत हातात धरून बसायची.

आता रात्रीचे पावणेदोन.
नरेंद्रनगरात लाईट आहेत, नशीब.
कूलर नव्या वाळ्याचा वास देतो
आणि थोडं पाणी गादीवर.
दोन रुपयांच्या टेबलावर सहा जण,
मला आली आहे इस्पिक तिर्री, चौकट तिर्री.

जोडी म्हणजे जोडीच. आल्याआल्या छाती फुगते.
‘संत्राबर्फी४४’नं सहा रुपये लावले, मी भरले,
कोणी ‘खापरीबॉस’ होता, त्यानंही भरले.
मग मधली तीन पानं उघडली:
बदाम राणी. किलवर अठ्ठी. बदाम सत्ती.
तिघी पाहुण्या, तिघीही माझ्यापेक्षा मोठ्या,
खुर्ची मागत नाहीत, बसतात.

ऑफिसातला उके यात मुरलेला.
जेवणाच्या सुट्टीत डब्याच्या झाकणावर त्यानं शिकवलं होतं:
लहान जोडी घेऊन आत जायचं ते तिसऱ्यासाठी.
तिसरी तिर्री पडली तर गप्प बसा मॅडम,
लोकं स्वतः पैसे आणून देतेत.
नाही पडली तर उठा.
जोडीवर जीव जडते ना, तिथंच माणूस खपते.
किती वेळा पडते रे?
आठातून एकदा. बारा टक्के धरा.

बारा.
रामदासपेठेतल्या डॉक्टरणीनं रिपोर्टच्या पाठीवर
हाच आकडा लिहिला होता निळ्या पेनानं,
आणि भोवती गोल काढला होता,
आंब्याच्या पेटीवर भाव लिहितात तसा.
तीनदा भरले आम्ही.
दुसऱ्या वेळचे हेमराजच्या पीएफमधून.
चौथ्यासाठी तिनं तारीख विचारली, तर तो म्हणाला, पाहू,
आणि खाली येऊन स्कूटरला किक मारत राहिला,
बटन असताना.

संत्राबर्फीनं चौदा लावले. खापरीबॉसनं भरले.
माझ्याकडे पंधरा सेकंद, हिरवी पट्टी आखडत येते.
न दिसलेली सत्तेचाळीस पानं, त्यांत तिर्र्या दोन;
त्यातली एक बदामाची,
ती आलीच तर दुसऱ्या कोणाचा रंग जुळवून येणार.
मला माहीत आहे. सगळं माहीत आहे.
तरी बोट जात नाही.
दोघी चिकटून उभ्या, इस्पिक आणि चौकट,
लग्नाच्या फोटोतल्यासारख्या, अंग चोरून.

चार सेकंद.
सोडली.

उके म्हणतो, सोडलं तरी पाहत राहायचं, समोरचा समजते.
मी नाही पाहत. फोन पालथा घातला
आणि बादली घेऊन नळाकडे गेले.
चौथं पान पडलं असेल तेव्हा बादली अर्धी होती.
पाचवं पडलं तेव्हा पाणी वाळ्यातून खाली उतरत होतं,
शेजारच्या खोलीत कोणी कागद चाळावेत
असा त्याचा आवाज.

फोन थरथरला. टेबल नव्हतं. हेमराज, बल्लारशाहून.
झोपली नाहीस अजून?
कूलरमध्ये पाणी टाकून राहिली होती, म्हटलं.
तो थोडा वेळ काही बोलला नाही.
मागे इंजिन धडधडत होतं.
परतीची गाडी लागली, म्हणाला, सातपर्यंत पोचतो.
पोहे आणू?

आण. दोन प्लेट.
तर्री वेगळी बांधायला सांग,
मागच्या वेळी सगळी पिशवीत सांडली होती.