नो क्लेम

शेडगेकाकांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला.
पंधरा हजार आठशे चाळीस.
गेल्या साली याच गाडीचे, आप्पांच्या नावावर,
नऊ हजार नऊशे भरले होते.
गाडी तीच. मागच्या काचेवर पालीच्या खंडोबाचा
अर्धा सोललेला स्टिकर, तोही तोच.

माझ्या लायसन्सला एकवीस दिवस झालेत.
नेरूळच्या ट्रॅकवर मी आठाचा आकडा काढला तेव्हा
इन्स्पेक्टर मोबाइलमध्ये होता
आणि आप्पा जाळीला नाक लावून.

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा, गाळा नंबर सहा.
झेरॉक्स, पॅन कार्ड, गुमास्ता, सर्व प्रकारचा विमा.
पंख्याने उडू नयेत म्हणून कागदांवर
लोखंडाचं पाव किलो.
आप्पांनी ते उचललं, उलटं करून शिक्का बघितला,
'पासिंग संपलंय याचं,' म्हणाले, परत ठेवलं.
चौतीस वर्षं तोलणार होते ते,
वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात.
काट्याचा आकडा थांबायच्या आत गोणी सांगायचे.

'हिचंच वजन एवढं कसं भरलं?'

'आप्पा, बोनस गाडीला नसतो, माणसाला असतो.
तुम्ही इतकी वर्षं क्लेम केला नाही,
पन्नास टक्के तुमचे. तीन वर्षांत नवी गाडी घेतलीत
तर तिच्यावर मिळतील.
ही आता शून्यापासून.'

'पोरीला देता येत नाही?'

'येतो की. वारसाला येतो.'
शेडगेकाका स्टेपलरमध्ये पिना भरू लागले.
'पण मग दाखला लागतो.'

कसला, ते कुणी विचारलं नाही.
पिना सांडल्या, त्या मी गोळा केल्या.
हसले ते आप्पाच. 'मग पोरगीला म्हणावं
थांब की जरा.'

क्लेम नाही म्हणजे ठोकली नाही, असं नाही.
अठरा साली अरेंजा कॉर्नरला रिक्षा घासली:
तुर्भे स्टोअरच्या अक्रमकडे रोख साडेचार हजार.
आईच्या पित्ताशयाच्या वेळी
हॉस्पिटलच्या खांबाने आरसा घेतला: अठराशे, रोख.
त्या महिन्यात नवा चष्मा करायचा होता.
पुढच्या महिन्यात करू, म्हणाले.
आता रात्री समोरचा दिवा फुटून पसरतो त्यांना,
म्हणून गाडी माझ्या नावावर.

मागायचं नाही, हा त्यांचा हिशेब.
बोर्डाकडे नाही, भावकीकडे नाही,
जावळीतल्या सामाईक फणसाखाली उभं राहून
एक गरासुद्धा नाही.

फॉर्मच्या दुसऱ्या पानावर
मालक-चालकाचा मृत्यू, रुपये पंधरा लाख.
वारस: मी त्यांचं नाव लिहिलं. नातं वडील, वय एकसष्ट.
वाचून त्यांनी पेन माझ्या हातून काढून घेतलं,
नाव खोडलं. गिरवून गिरवून खोडलं,
कागद फाटेपर्यंत.
'दुसरा फॉर्म द्या हो शेडगे.'

घर सहाशे मीटरवर.
डावीकडच्या सीटवर बसून ते
पायपुसणं दाबत होते, तिथे ब्रेक नसतो.
मी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आले,
माशांच्या टेम्पोला वाट दिली,
एका कुत्र्याला हॉर्न न देता जाऊ दिलं,
सगळं नीट केलं,
आणि सोसायटीच्या फाटकाला
डावं दार लावलं.

लांब, बारीक, चांदीवर पांढरी रेघ.

'क्लेम करूया,' मी म्हणाले. 'माझं शून्यच आहे,
शून्याचं काय जातंय?'

आप्पा उतरले. वॉचमन बघत होता.
अंगठा ओला करून त्यांनी रेघेवरून फिरवला,
सावकाश, मान वळवून, भलतीकडेच बघत,
गोणीखाली हात घालताना बघायचे तसे.

'पुढच्या सालचे तुझे वीस टक्के जातील,' म्हणाले.
'अक्रमला फोन लाव.'